मळ्यात सोडलं म्हणजे सुटलं का?

(कोल्हापूरच्या उपनगरातल्या एका ताईंचं पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र थोडक्यात असं : रो-हाऊसमध्ये नवरा-बायको, सासू-सासरे, सातवीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. दीड वर्षापूर्वी यजमानांनी जत भागातल्या मित्राकडून कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. त्याला इथं बाजी म्हणू. आज तो वीस महिन्यांचा आहे. सकाळी ताई किंवा मुलगा त्याला गल्लीतून पंधरा मिनिटं फिरवून आणतात. बाकी दिवसभर तो मागच्या अंगणात साखळीला. त्यानं सोफ्याचा कोपरा फाडला, दोनदा कंपाउंडवरून उडी मारली आणि गेल्या महिन्यात शेजारच्या मावशींच्या दोन कोंबड्या मारल्या. सासरे म्हणतात, शिकारीचं कुत्रं घरात कशाला, शाहूवाडीच्या मळ्यात पाठवा. तिथला चुलत दीर आनंदानं न्यायला तयार आहे : "ससं धराय लई झ्याक हाय." मुलगा दोन दिवस नीट जेवलेला नाही. ताई विचारतात, कोंबडी मारणारा उद्या माझ्या मुलीवर गेला तर? नसबंदी केली तर शांत होईल का? आणि आमच्याकडं कुणालाच वेळ नसताना त्याला मोकळ्या रानात सोडणं त्याच्याच भल्याचं नाही का?

ताई,

आधी मुलीचं बोलू, कारण झोप त्यानं उडालेली दिसते.

कोंबडी धरणं आणि माणसाच्या अंगावर जाणं या कुत्र्याच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोंबडीमागं धावताना बाजी चिडलेला नव्हता. चिडलेलं कुत्रं गुरगुरतं, पाठीवरचे केस उभे करतं, समोरच्यानं लांब जावं म्हणून दात दाखवतं. बाजीला ती कोंबडी लांब जायला नको होती! कारवानी हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. बीगलसारखी कुत्री जमिनीला नाक लावून वास काढत जातात. याला दूरवर काहीतरी हललं की पुरे. लांब, निमुळत्या तोंडामुळं डोळे बाजूला सरकलेले, त्यामुळं मान न वळवता जवळजवळ 270 अंशांतलं दिसतं. आपल्याला 180 च्या आसपास.

तुम्हीही हे पाहिलं असेल. दुपारी मेल्यासारखा पडलेला असतो. रस्त्यावरून प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं सरपटत जाते. आधी फक्त कानांची मुळं वर येतात, बाकी अंग तसंच. मग मान उचलली जाते. मग मांडीवरची कातडी बारीक थरथरते, घोड्याच्या अंगावर माशी बसल्यावर थरथरते तशी. या घडीला हाक मारली तर तो अजून तुमचा असतो. एकदा सुटला की कानात काही शिरत नाही, आणि तो उद्धटपणा नसतो. शेकडो वर्षं माणसानं असंच कुत्रं निवडून निवडून वाढवलंय.

तरीही मुलीच्या बाबतीत मी निर्धास्त राहा म्हणणार नाही. चार वर्षांचं पोर किंचाळत पळालं की कुठलंही कुत्रं मागं लागतं, आणि पंचवीस किलोचा बाजी खेळत जरी आदळला तरी पोर आडवं होईल. म्हणून दोघांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. दुसरं, झोपलेल्या बाजीला हात लावून उठवायचं नाही. या जातीची कुत्री गाढ झोपतात, अचानक स्पर्श झाला की दचकून तोंड मारतात, आणि मग शुद्धीवर आल्यासारखी आपल्याकडं बघतात. लांबून नाव घेऊन उठवायचं, हे मुलीला आणि सासूबाईंनाही सांगा. कारवानीला अनोळखी माणसानं चाचपलेलं आवडत नाही. बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं डोक्यावरून हात फिरवलाच पाहिजे असं नाही. पण बाजी जेवताना मुलीवर गुरगुरला असेल किंवा ताठ होऊन तिच्याकडं एकटक बघत राहत असेल, तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि त्याला प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही नाही. उलट मुलगी त्याच्या पोटाला टेकून कार्टून बघते असं तुम्हीच लिहिलंय.

आता त्या "मोकळ्या रानाचं".

शिकारीचं कुत्रं म्हणजे दिवसभर धावणारं, अफाट ताकदीचं, त्याला दहा एकरही अपुरे, असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. सासऱ्यांच्याही आहे. कारवानी तसा नाही. कोल्हापूरला हे खरं तर सांगायला नको. संस्थानकाळात इथं चित्ते पाळले जात आणि त्यांना काळवीट धरायला शिकवलं जाई. चित्ता काय दिवसभर पळायचा? बैलगाडीतून कळपाजवळ न्यायचं, डोळ्यांवरची टोपी काढायची, काही सेकंदांची धाव, मिळालं तर मिळालं, नाहीतर बसला धापा टाकत. कारवानीची धावही त्याच घाटाची. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, एका ढांगेत दोनदा चारही पाय हवेत असतात. खोल छाती, मोठं हृदय, अंगावर चरबी जवळजवळ नाही. असं यंत्र थोडा वेळ चालतं आणि मग तासन् तास झोपतं. बाजीला हवाय तो दिवसातला एक तास, ज्यात त्याला दोनदा-तीनदा जीव तोडून धावायला मिळेल. उरलेल्या तेवीस तासांत हे कुत्रं तुमच्या सासऱ्यांपेक्षा शांत असतं.

आत्ता त्याला काय मिळतंय? पंधरा मिनिटं पट्ट्यात, खांबाखांबाला थांबत. धावणं शून्य. तालमीतल्या पोराला खुराक चालू ठेवून महिनाभर आखाड्यात उतरू दिलं नाही तर ते घरातली भांडी फोडेल. बाजीनं सोफा फोडला. वयही बघा. वीस महिने म्हणजे ऐन दांडगाईचं वय. ही कुत्री अंगानं लवकर भरतात, डोक्यानं दोन-अडीच वर्षांनी शहाणी होतात. नेमकी याच वयात बहुतेक कारवानी घराबाहेर काढली जातात. अजून आठ-दहा महिने कळ काढली असती तर, असं मागाहून वाटतं.

हे मला कसं ठाऊक, तेही सांगते. मी लहान असताना आमच्याकडं करवीर तालुक्यातल्या घरी चंद्री नावाची कारवानी होती. वडिलांची बदली झाली आणि आम्ही शहरात दोन खोल्यांत आलो. तिला नात्यातल्या एकांच्या मळ्यावर ठेवलं. सगळे म्हणाले, पोरगीचं नशीब, रान मिळालं. सहा महिन्यांनी दिवाळीत बघायला गेलो. पाण्याच्या मोटारीच्या खोलीशेजारी चार फुटी साखळी, साखळी फिरेल तेवढ्या गोलातलं गवत मेलेलं, आणि तिच्या दोन्ही कोपरांवरचे केस जाऊन कातडी हत्तीसारखी राखाडी झालेली. ती माणसं वाईट नव्हती. भाकरी-दूध वेळच्या वेळी घालत होती. पण मोकळं सोडलं तर ती शेजारच्या शेळ्यांच्या मागं जायची आणि भांडणं व्हायची, मग काय करणार? मला बघून ती उठली, साखळी संपेपर्यंत आली आणि तिथं थांबली. साखळी कुठं संपते ते तिला पाठ झालं होतं.

तेव्हा मळ्याचा निर्णय घ्यायच्या आधी एकदा शाहूवाडीला जाऊन या, आणि दिराला साधे प्रश्न विचारा. दिवसा बाजी कुठं असेल? वस्तीवर कोंबड्या, शेळ्या किती? रात्री तो आत झोपेल की बाहेर? डोंगराकडच्या त्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं त्याला सगळ्यात सोपं. रानडुकरांसाठी कुणी फास लावतं, कुणी तारेत करंट सोडतं. सुसाट धावणाऱ्याला तार दिसत नाही. कारवानीची कातडी कागदासारखी पातळ, साध्या काटेरी कुंपणानंही वीतभर फाटते. थंडीचंही विसरू नका, आखूड केस आणि बिनचरबीचं अंग घेऊन तिकडच्या पौषातल्या रात्री गोठ्याबाहेर काढणं त्याला जमणार नाही.

आणि "ससं धराय" हे तर डोक्यातून काढूनच टाका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, सशालाही ते संरक्षण आहे आणि कुत्रं लावून केलेली शिकार ही शिकारच. आजोबांच्या काळी पारध हा गावचा सोहळा असेल, आज तो गुन्हा आहे. दीर चांगला माणूस असेल, पण त्याला बाजी कशासाठी हवाय ते त्यानं स्वतःच सांगितलंय.

याचा अर्थ मळा नेहमीच वाईट असा नाही. वस्तीवर माणूस दिवसभर हजर, रात्री पडवीत गोधडी, चारी बाजूंनी कुंपण असलेला तुकडा आणि कोंबड्या बंद खुराड्यात, असं असेल तर तिथलं कुत्रं शहरातल्यापेक्षा सुखी असू शकतं. अशी दोन घरं मी पाहिली आहेत. तुमच्या दिराकडं यातलं काय आहे, ते बघून या.

पण समजा तो घरीच राहिला. मग तो एक तास कुठून आणायचा?

रंकाळ्यावर सकाळी कितीही मोकळं वाटलं तरी तिथं पट्टा काढू नका. बदकं, बगळे, भटकी कुत्री, पलीकडं रस्ता. एका क्षणात गेला म्हणून समजा. आपल्याला चारी बाजूंनी बंद जागा हवी. ओळखीतल्या कुणाचा भिंत घातलेला रिकामा प्लॉट, सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून शाळेचं मैदान, गोडाऊनचं आवार. आठवड्यातून तीन दिवस मिळालं तरी पुष्कळ. आधी एक फेरी मारून फाटकाखालची फट, काचा, तारा बघून घ्या. मग सोडा आणि तुम्ही मध्ये उभे राहा. तो तुमच्याभोवती सात-आठ गोल फेऱ्या मारेल, शेवटची थोडी मंद, आणि जीभ लोंबवत पायाशी येऊन आडवा होईल. झालं काम. मोटरसायकलला बांधून पळवणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. ते करू नका. गाडीचा वेग कुत्रं ठरवत नाही, आणि मार्चनंतर सकाळी आठलाच डांबर तापायला लागतं. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर टेकवा, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही नाही.

जागा मिळाली नाही त्या दिवसासाठी आणि जून ते सप्टेंबरच्या पावसासाठी एक युक्ती आहे, तिला पैसे लागत नाहीत. चार फुटांची बांबूची काठी घ्या, टोकाला तेवढीच दोरी, दोरीला जुन्या गोधडीची चिंधी. अंगणात ती चिंधी जमिनीसरपट गोल फिरवा, मध्येच थांबवा, उलट फिरवा. बाजी वेडा होईल. दर तीन-चार झडपांना एकदा त्याला ती धरू द्या, नुसतं झुलवत ठेवलं तर चिडेल. तोंडात धरली की दोरी ढिली सोडा, हातातला अंड्याचा तुकडा दाखवा आणि "सोड" म्हणा. पंधरा दिवसांत "सोड" पक्कं होतं. त्याचा उपयोग पुढं कधीतरी खऱ्या कोंबडीच्या वेळीही होईल, पण त्यावर विसंबू नका. दहा मिनिटं पुरतात. ओल्या फरशीवर मात्र नको, पाय मुरगळतो. हा खेळ मुलाकडं द्या. तो जेवत नाही म्हणालात ना, त्याला काम द्या.

साखळी काढा. आडकाठी नको म्हणून मी हे शेवटी लिहिणार होते, पण बाकी सगळं याच्यावरच अडलंय. दिवसभर बांधलेलं कुत्रं संध्याकाळी सुटलं की उधळणारच. त्याला घरात घ्या. कारवानी भुंकून डोकं उठवत नाही, अंगाला फारसा वास नाही, केस आखूड. एका कोपऱ्यात जाड गोधडी टाका (नुसत्या फरशीवर कोपर सोलवटतात) आणि ती जागा त्याची, तिथं त्याला कुणी छेडायचं नाही. अंगणाची चार फुटी भिंत त्याला उंबऱ्यासारखी आहे. वर जाळी मारून सहा फूट करा, आणि भिंतीलगतचा धुण्याचा दगड हलवा. दुसऱ्या उडीत त्यानं त्यावरच पाय दिला असणार. पट्टा साधा असेल तर बदला. या कुत्र्याची मान डोक्याहून जाड, मागं सरकला की पट्टा कानांवरून निघतो. ताणल्यावर थोडा आवळणारा रुंद पट्टा मिळतो, तो घ्या. लांब दोरी लावून सोडायचं असेल तर छातीच्या हार्नेसलाच लावा; धाव घेऊन मानेला हिसका बसला तर जन्माची दुखापत होते.

नसबंदीबद्दल. करायला हरकत नाही, माजावरच्या कुत्रीसाठी भिंत ओलांडणं त्यानं कमी होईल. पाठलागाची ओढ जाणार नाही. ती डोळ्यांत आहे. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना हे ग्रेहाउंडच्या घराण्यातलं कुत्रं आहे एवढं आठवणीनं सांगा. अंगात चरबी कमी आणि यकृत ही औषधं हळू पचवतं, त्यामुळं भुलीची काही जुनी औषधं यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. चांगल्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं, पण सांगायला काय जातं?

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी एक. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हेच या जातीचं निरोगी अंग. "काय खायला घालतासा का न्हाई?" असं शेजारपाजार म्हणणार. म्हणू दे. ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन, दोन वेळा. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा तुमच्यासाठीच ठेवा. कांदा-लसूण त्याला विष आणि शिजलेलं हाड आतड्यात टोचतं. जेवणानंतर दोन तास धावणं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो. पोट टम्म फुगलं, ओकारी येतेय पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि पावसाळ्यात गोचीड बघत राहा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात.

आता जरा अवघड बोलते. "आमच्याकडं कुणालाच वेळ नाही" असं तुम्ही लिहिलंय. पत्रात माणसं मोजली तर चार मोठी आणि सातवीतला एक. कुत्रं आणलं यजमानांनी. गल्लीतून फिरवता तुम्ही, सोफा शिवून घेतला तुम्ही, मावशींची बोलणी खाल्ली तुम्ही, आणि आता त्याला घालवल्याचा दोषही मुलाच्या नजरेत तुमच्याच माथी येणार. मला वाटतं तुम्ही बाजीला नव्हे, या सगळ्याला कंटाळला आहात, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. यजमानांची एमआयडीसीतली पाळी बदलती आहे हे कबूल. पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, आणि पहिल्या पाळीत संध्याकाळ. फ्रिजवर कागद लावा, सात वार लिहा, प्रत्येक वारापुढं नाव. चार वार त्यांचे. मावशींकडं जायचं कामही त्यांचंच.

सासरेबुवांशी वाद घालू नका. त्यांना मुधोळची गोष्ट सांगा. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान घोरपड्यांचं. तिथल्या मालोजीराजांनी हीच जात जोपासली आणि पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली. 2005 साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हेच कुत्रं मुधोळ हाउंड म्हणून आहे. पुढं भारतीय सैन्यानंही मेरठच्या केंद्रात या पिल्लांना शिकवायला घेतलं. मोठ्या माणसांना घरातल्या जनावराचं घराणं कळलं की त्यांचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. संध्याकाळी देवळापर्यंत बाजीला हळूहळू चालवत न्यायचं काम त्यांना आवडेल. पट्ट्यात तो ओढत नाही म्हणालात, म्हणजे त्यांना झेपेल.

हे तीन महिने करून बघा. केलं आणि तरी घराला जमलं नाही, तर दुसरं घर शोधण्यात लाज नाही. फक्त कारवानी पाळलेलं, स्वतःहून तुमच्याकडं चार वेळा येऊन त्याला भेटणारं घर शोधा, आणि लसीकरणाचं कार्ड सोबत द्या. मुलाला अंधारात ठेवून रात्री पाठवू नका. तो शाळेतून आला आणि साखळी रिकामी, असं होऊ देऊ नका.

आणि कोंबड्यांचे पैसे दिलेत का? पत्रात कुठं दिसले नाहीत. यजमानांच्या हातून द्या, मावशी सांगतील तो भाव, घासाघीस न करता. मग खुराड्याला जाळी मारायला त्यांना मदत करा आणि अंड्यांचा रतीब त्यांच्याकडूनच लावा. बाजीला रोज एक लागणारच आहे.